रत्नागिरीचा विडा

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचे रहिवासी कोकाची तीन निवडक पाने जुळवून भूमातेस अर्पण करतात, तीच पाने पाहुण्याच्या हाती देतात आणि चढणीवर किंवा खाणीत श्रम व क्षुधा सुसह्य व्हावी म्हणून राखेच्या क्षारासह गालात धरून ठेवतात, हे वाचताना कोकणच्या मनुष्यास फारसा परकेपणा वाटत नाही; कारण पान, क्षार आणि देवता यांचा असाच संयोग विड्याच्या रूपाने त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. (दोन्ही वनस्पतींचे कूळ व गुण निराळे, हे अर्थात ध्यानी ठेवावे.)

रत्नागिरीच्या गावरहाटीत देवापुढे विडा मांडून गाऱ्हाणे घातल्यावाचून महत्त्वाच्या कार्याला हात घालीत नसत, आणि देवळातला विडा प्रथम कोणाच्या हाती पडावा, एवढ्या प्रश्नावरून भाऊबंदांत पिढीजात वैरे जुंपत. १९४९ च्या कायद्याने खोती, म्हणजे खोतांची गावच्या सारावसुलीची वंशपरंपरागत सत्ता, गेली. मानापानाची वहिवाट मात्र कोणत्याही सरकारी हुकुमाने गेली नाही.

या विड्याचे साहित्य जिल्ह्याच्या बाहेरून आणावे लागत नसे. गुहागर-दापोलीच्या किनाऱ्यालगतच्या आगरांत पोफळी वाढे, तिच्याच खोडावर नागवेल चढे, आणि खाडीकाठी शिंपले भाजून चुना तयार होई. राहिला कात. तो काढणारे कातकरी सह्याद्रीच्या उतारावर खैराच्या रानात हंगामापुरती वस्ती करीत, खैराच्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळून, तो काढा आटवून त्याच्या वड्या पाडीत. ज्या कातामुळे विडा रंगतो, त्याच्यावरूनच या जमातीला नाव मिळाले, पण गावाच्या मानपानात तिला जागा मिळाली नाही. पुढे १८७८ च्या जंगल कायद्याने राखीव रानातली तोड गुन्हा ठरली, खैरावरचा पूर्वापार अधिकार संपला, आणि या लोकांना कोळशाच्या भट्ट्यांवर अथवा शेतांवर, बहुधा सावकाराच्या किंवा मुकादमाच्या उचलीपोटी, राबावे लागले. स्पॅनिश अमलाखाली अँडीजमधील पोतोसीच्या रुप्याच्या खाणींपर्यंत कोका पोहोचविणाऱ्या व्यापाऱ्यांनी धन केले आणि पाने चघळीत खाणीत उतरणाऱ्यांच्या वाट्याला केवळ कष्ट आले. व्यवस्था निराळी असली, तरी हिशेबाची रीत हीच.

आमच्या इतिहासलेखनाने विडा पाहिला तो दरबारातला: विजापुरी अफजलखानाने उचललेला, पेशवाईत अत्तरगुलाबासह वाटलेला. ती वर्णने रम्य आहेत, यात संशय नाही. परंतु आता ती पुरे झाली. जिल्ह्यातील इतिहासप्रेमी मंडळींनी कातकरी वाड्यांवर जावे, आणि भट्ट्यांच्या जागा, खैर पारखण्याच्या खुणा व काढा आटविण्याची रीत यांविषयी तेथील वृद्धांना जे स्मरत असेल, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे.