आश्वासन पोलीस चौकीचे, अधिकार पथदिव्यांचा

नगरपालिकेची निवडणूक जाहीर झाली, की जाहीरनाम्यांत रस्ते, नाल्या आणि पाण्याच्या जोडीला सुरक्षिततेचा मुद्दा हमखास येतो. प्रभागात पोलीस चौकी, चौकाचौकांत सीसीटीव्ही कॅमेरे, रात्रीची गस्त, अशी ही आश्वासने असतात. बुलडाणा जिल्ह्यात बुलडाणा, चिखली, खामगाव, मलकापूर, शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा व सिंदखेड राजा या अकरा नगरपालिका आहेत. डिसेंबर २०२५ मध्ये झालेल्या निवडणुकीची मतमोजणी २१ डिसेंबर रोजी झाली. त्यापूर्वी यांपैकी बहुतेक पालिकांचा कारभार सुमारे चार वर्षे प्रशासकांच्या हाती होता. नव्या नगराध्यक्षांकडे आणि नगरसेवकांकडे नागरिक आता सुरक्षिततेची मागणी घेऊन जातील, तेव्हा त्यांच्या हाती नेमके काय आहे, हे ठाऊक असलेले बरे.

पोलीस दलावर नगरपालिकेचा कोणताही अधिकार नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत पोलीस हा विषय दुसऱ्या आणि स्थानिक शासन हा पाचव्या क्रमांकावर आहे. दोन्ही विषय राज्याचेच. मात्र १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची जोडून नागरी संस्थांकडे सोपविण्यासाठी जे अठरा विषय निश्चित केले, त्यांत पोलीस नाही. शहरातील ठाणेदार उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यास उत्तरदायी असतो. त्यांच्या वर बुलडाणा व खामगाव येथील अपर पोलीस अधीक्षक, जिल्हा पोलीस अधीक्षक, अमरावती परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक आणि अखेरीस मंत्रालयातील गृह विभाग, अशी ही उतरंड आहे. या साखळीत नगराध्यक्षाला कोठेही स्थान नाही. चौकी मंजूर करणे, कर्मचारी वाढविणे, गुंडाला तडीपार करणे, यांपैकी एकही काम पालिकेच्या ठरावाने होत नाही. ठराव म्हणजे फार तर विनंती!

एकेकाळी चित्र वेगळे होते. ब्रिटिश अमदानीत अनेक नगरपालिकांच्या उत्पन्नाचा मोठा वाटा शहरातील पोलिसांच्या पगारावर खर्च होत असे. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने हा भार पालिकांवरून काढून घ्यावा आणि तो पैसा नागरी कामांसाठी वापरावा, असे धोरण ठरले. खर्चाची जबाबदारी अशी गेली. पोलिसांना जाब विचारण्याचा अधिकार मात्र नंतरही पालिकांकडे आला नाही.

मग पालिकेकडे उरते काय? महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ४९ मध्ये पालिकेची आवश्यक कर्तव्ये दिली आहेत. सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणे, आग विझविणे व आगीच्या वेळी जीवित-वित्ताचे रक्षण करणे, रस्त्यांतील अडथळे दूर करणे, धोकादायक इमारती सुरक्षित करणे किंवा पाडणे, धोकादायक व्यवसायांचे नियमन करणे, ही त्यांतील सुरक्षिततेशी थेट संबंधित कामे होत. ही ऐच्छिक नाहीत. शिकवणी आटोपून रात्री घरी परतणाऱ्या मुलीच्या दृष्टीने गल्लीतील बंद दिवा हा पोलिसांइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर देण्यास पालिका कायद्याने बांधील आहे. दिव्यांचे वीजबिल थकले व महावितरणने पुरवठा तोडला, तर तो ठपकाही पालिकेवरच येतो.

अग्निशमनाचा विषय तर जिल्ह्याच्या दृष्टीने विशेष गंभीर आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजा तालुक्यातील पिंपळखुटा शिवारात खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. ग्रामीण भागात आग लागली, की धाव बहुधा जवळच्या नगरपालिकेच्या बंबाकडेच घ्यावी लागते. त्यामुळे बंब सुस्थितीत आहे काय आणि त्यावर प्रशिक्षित कर्मचारी आहेत काय, हे प्रश्न शहराच्या हद्दीपुरते राहत नाहीत. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार मंगल कार्यालये, रुग्णालये यांसारख्या इमारतींतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलैमध्ये सादर करणे बंधनकारक आहे. ही प्रमाणपत्रे खरोखर आली काय, असा प्रश्न सभागृहात विचारण्यास कोणत्याही नगरसेवकास गृह विभागाच्या परवानगीची गरज नाही.

वाहतुकीत मात्र अधिकारांची सरमिसळ आहे. रस्ता, वाहनतळ व अतिक्रमण पालिकेकडे, नियमन पोलिसांकडे, एकेरी वाहतुकीची अधिसूचना जिल्हाधिकाऱ्यांकडे. शेगावात श्री गजानन महाराजांच्या प्रकटदिनी व ऋषिपंचमीला भाविकांची मोठी गर्दी होते, तेव्हा तिन्ही यंत्रणांची एकत्र कसोटी लागते. फेरीवाल्यांविषयीच्या २०१४ च्या कायद्याने नेमावयाच्या शहर फेरीवाला समितीत पालिका व पोलीस एकाच टेबलाशी बसतात. गाड्या कोठे लागाव्यात, हा वाद चौकातील दंडुक्याने सोडविण्याऐवजी तेथे सोडविता येतो.

मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्तही पालिकेचाच. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके व रेल्वे स्थानकांच्या आवारातून कुत्री हलविण्याचे आदेश देताना ही जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली.

पोलिसांसाठी साधनसामग्री मिळविण्याची एक वाट नगरसेवकांना आहे, पण तिची चर्चा प्रचारात क्वचितच होते. ही वाट म्हणजे जिल्हा नियोजन समिती. घटनेच्या २४३ झेडडी या अनुच्छेदानुसार या समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नागरी संस्थांच्या निर्वाचित सदस्यांनी आपल्यातून निवडून द्यावयाचे असतात. सीसीटीव्ही कॅमेरे, पोलिसांची वाहने यांसाठी अनेक जिल्ह्यांत जिल्हा वार्षिक योजनेतूनच पैसा दिला गेला आहे. पालिकांवर प्रशासक असताना ही वाट आपोआप बंद होती. आता ती उघडली आहे. मात्र कॅमेरे बसविल्यानंतर त्यांची देखभाल, वीज आणि चित्रीकरणाची साठवण यांचा खर्च पालिकेने करावा की पोलिसांनी, हे आधी लेखी ठरलेले नसेल, तर वर्ष-दोन वर्षांत ते कॅमेरे नुसतेच खांबावर लटकत राहतात.