मदतनीस कोण? दारुहळद, फ्लुकोनॅझोल आणि एक चिवट यीस्ट

वनस्पतीतले द्रव्य आणि कारखान्यातले औषध एकत्र दिले की हट्टी बुरशीही नमते, असे कोठे वाचले की आपल्याकडच्या वाचकाला प्रथम अनुपान आठवते. मधातून वा तुपातून औषध चाटवणाऱ्या समाजाला ही कल्पना परकी वाटू नये. आमचे कुतूहलही तेथूनच सुरू झाले. परंतु या जोडीचा इतिहास पाहू गेल्यास तो ग्रंथांपेक्षा प्रयोगशाळेत अधिक सापडतो, आणि त्यात औषध कोणते व अनुपान कोणते, हाच प्रश्न वादाचा ठरतो.

बुरशीविरुद्धची औषधे मुळात थोडी. बुरशीची पेशी जीवाणूंपेक्षा आपल्या पेशीला अधिक जवळची. त्यामुळे तिला मारणारे विष बहुधा आपल्यालाही बाधते. १९५० साली एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राऊन यांनी निस्टॅटिन जगापुढे ठेवले. दोघीही न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात. एक न्यूयॉर्क शहरात, दुसरी ऑल्बनीत. मातीतून वाढवलेल्या सूक्ष्मजीवांचे नमुने काचेच्या बरण्यांतून टपालाने दोघींमध्ये ये-जा करीत. (टपाल खात्याचा वैद्यकाच्या इतिहासातील वाटा कोणीतरी एकदा लिहायला हवा.) औषधाला नाव मिळाले ते त्या राज्याचे. पाठोपाठ अँफोटेरिसिन बी आले, तेही मातीतूनच. गुणकारी खरे, पण मूत्रपिंडांवर कठोर.

म्हणून १९९० साली अमेरिकेत फ्लुकोनॅझोलला परवानगी मिळाली, तेव्हा वैद्यांना हायसे वाटले असल्यास नवल नाही. गोळीवाटे घेता येणारे, बऱ्यापैकी सौम्य असे हे औषध यीस्टच्या पेशीपटलाला लागणारे एर्गोस्टेरॉल तयार होऊ देत नाही. मात्र कँडिडाची वाढ ते थोपवते. तिला सहसा ठार करीत नाही. तो काळ एड्सचा होता. रुग्णांच्या तोंडात कँडिडाचा पांढरा थर पुन्हा पुन्हा येई आणि गोळ्या पुन्हा पुन्हा दिल्या जात. अशाच एका रुग्णाकडून दोन वर्षांत घेतलेले १७ नमुने अभ्यासकांनी जपले आणि त्यांत प्रतिकार पायरीपायरीने कसा वाढत गेला, हे उलगडले. एका माणसाच्या दुखण्यातून लिहिला गेलेला हा दस्तऐवज आम्हाला या साऱ्या इतिहासातील सर्वांत अस्वस्थ करणारे पान वाटते.

त्या पायऱ्यांपैकी एक होती पंपांची. आत शिरलेले औषध बाहेर फेकणारी प्रथिने यीस्टच्या पेशीपटलात असतात. त्यांपैकी प्रमुख पंपाचे जनुक, सीडीआर-१, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील राजेंद्र प्रसाद यांनी बेल्जियममधील सहकाऱ्यांसह १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. (पहिल्या राष्ट्रपतींशी नामसाधर्म्य, एवढेच.) पंप कळला, तेव्हा तो बुजवता येईल का, हा प्रश्न ओघानेच आला. त्याच विद्यापीठातून २००९ मध्ये आलेल्या संशोधनात हळदीतल्या कर्क्युमिनने हा पंप अडवला; दुसऱ्या कुळातल्या एमडीआर-१ या पंपावर मात्र त्याचा काही परिणाम झाला नाही. हा उत्तरार्ध हळदीच्या जाहिरातींत सहसा आढळत नाही.

दारुहळदीची गोष्ट याहून रंजक आहे. तिच्यातले पिवळे बर्बेरिन आपल्याकडे रसांजनाच्या रूपाने आणि चीनमध्ये दुसऱ्या एका वनस्पतीच्या मुळांतून फार पूर्वीपासून वापरात आहे. २००६ साली शांघायच्या संशोधकांनी फ्लुकोनॅझोलला न जुमानणारे कँडिडाचे ४० नमुने घेतले. एका दिशेला एका द्रव्याचे प्रमाण वाढत जाते, दुसऱ्या दिशेला दुसऱ्याचे, अशा बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीत त्यांनी ही जोडी तपासली. दोन्ही द्रव्ये एकत्र असताना फार कमी मात्रेत वाढ थांबली. समज असा झाला, की बर्बेरिनने फ्लुकोनॅझोलची धार परत आणली.

पुढे २०१३ मध्ये त्याच कामाचा माग काढताना उलटेच दिसले. परिणाम बर्बेरिनच्या मात्रेनुसार कमीजास्त होत होता, फ्लुकोनॅझोलच्या नव्हे. बर्बेरिन अंगचेच चकाकते, त्यामुळे ते पेशीत कोठे जाते हे पाहता आले: ते थेट केंद्रकात साचत होते. फ्लुकोनॅझोलने पेशीपटल कमकुवत केल्यामुळे ते अधिक प्रमाणात आत शिरत असावे, असा अभ्यासकांचा निष्कर्ष. म्हणजे मारेकरी दारुहळद आणि अनुपान फ्लुकोनॅझोल! शिवाय मेथिलीन ब्लूसारखा कृत्रिम रंगही त्याच रीतीने उपयोगी पडला. तेव्हा गुण वनस्पतीत्वाचा नसून डीएनएला बिलगण्याचा आहे, हे मान्य करावे लागते. परंपरेच्या अभिमान्यांना हे रुचणार नाही. परंपरेची टिंगल करणाऱ्यांचीही यात सोय नाही, कारण ते द्रव्य आले मुळीतूनच.

महाराष्ट्रातही हे काम झाले आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील अभ्यासकांनी वनस्पतीजन्य टर्पिनॉइड द्रव्ये कँडिडाचे चिकट थर कितपत रोखतात, हे तपासले. या थरांवर औषधाचा प्रभाव कमी पडतो, म्हणून या कामाचे मोल आम्ही मोठे मानतो.

ताटलीतून रुग्णापर्यंतची वाट मात्र लांबची. तोंडावाटे घेतलेले बर्बेरिन रक्तात अत्यल्प पोचते. कर्क्युमिनचीही तीच रड. ताटलीत साधलेली मात्रा रक्तात साधत नाही, आणि घरच्या काढ्यात तर नाहीच. दरम्यान, २००९ साली जपानमध्ये एका वृद्धेच्या कानातून सापडलेल्या, म्हणूनच ऑरिस हे नाव मिळालेल्या कँडिडाने काही वर्षांतच दिल्लीची रुग्णालयेही गाठली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरशींची पहिली यादी काढली, तेव्हा ती सर्वांत वरच्या गटात होती. फ्लुकोनॅझोलला तिचे बहुतेक नमुने दाद देत नाहीत. अतिदक्षता विभागात तिच्याशी झुंजणाऱ्या रुग्णाला डॉक्टर आज प्रथम एकायनोकँडिन गटातले औषध शिरेतून देतात. दारुहळद अजून प्रयोगशाळेच्या ताटलीतच आहे.