शेकलेल्या चामड्याचा आवाज

चांदूर बाजारात बसून मी गाण्यांचे ठेके करून देतो. वरात, भीमजयंती, गणपती, देवी, ज्याचं जसं काम तसा ठेका. संगणकात जगभरचे ड्रम विकत मिळतात. पण गिऱ्हाईक म्हणतं, ‘आपल्या इकडचं वाजलं पाहिजे’, तेव्हा विकतचं काही कामाला येत नाही. इकडचं म्हणजे काय, हे शोधायला मागे जावं लागतं.

मागे गेलं की आधी बहिरम लागतं. ही यात्रा आमच्याच तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याची. २० डिसेंबरला सुरू होते ती जानेवारी संपेपर्यंत चालते. गाडगेबाबांनी इथल्या पशुबळीविरुद्ध कीर्तनं केली. आज लोक हंडीतलं मटण आणि रोडगे खायला जातात, पण एकेकाळी बहिरम गाजायचं ते तमाशाच्या तंबूंनी. कापडी भिंतीतून बाहेरच्या गर्दीपर्यंत पोचायचं तर थाप कडकच हवी. ढोलकी गोड बोलते. गर्दी कापते ती हलगी.

हलगीचंच भावंड म्हणजे आमचं डफडं. पोळ्याचं तोरण, लग्न, मयत, काहीही त्याच्यावाचून होत नसे. ते वाजवायचं काम मात्र जातीने ठरवून दिलेलं. डफड्याशिवाय गावाचं भागत नसे आणि वाजवणाऱ्याला गाव ओसरीवर चढू देत नसे. बाबासाहेबांच्या चळवळीत महार समाजाने गावकीची कामं टाकली, त्याबरोबर कित्येक घरांतून डफडंही खाली ठेवलं गेलं. तो निर्णय स्वाभिमानाचा होता. आवाज गेला म्हणून त्यावर हळहळणं मला अजिबात मान्य नाही. मातंग समाजातल्या काही घरांनी वाजवणं चालू ठेवलं, आणि मला जे थोडंफार कळतं ते तिथूनच आलेलं आहे.

पोळा येतो श्रावण अमावास्येला. हवा ओली, चामडं सैल, थाप मारली तर नुसतं ‘भद्’. अशा वेळी तुराट्यांचा जाळ करून डफडं शेकतात. माझे एक जाणते काका जाळावर डफडं गोल फिरवत, मध्येच बोटाने टिचकी मारत, कान लावत आणि पुन्हा फिरवत. मी घाई केली की म्हणत, “थांब बाबू. चामडं सोताच सांगते, आता पुरे म्हून.” ओल उडाली की चामडं आवळतं आणि सूर वर चढतो. थोडं जास्त शेकलं तर फाटायची भीती. मग उजव्या हातात जाड टिपरी, डाव्या हाताच्या बोटांत कडेवर टेकलेली बारीक काडी. टिपरीने घुमतं, काडीने तडकतं.

‘स्नेअर’ नावाच्या ड्रमलाही हेच दोन गुण लागतात. त्याच्या खालच्या चामड्याला तारा लावलेल्या असतात आणि त्या थरथरून खरखर देतात. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० मध्ये टीआर-८०८ हे यंत्र काढलं, त्यात तर चामडंच नव्हतं. दोन विजेचे सूर आणि वर गाळलेली खरखर, एवढ्यावर त्यांनी स्नेअर उभा केला. खरखर कमी-जास्त करायला ‘स्नॅपी’ नावाचं बटण दिलं. सूर दोन का, याचं कारण चामड्यातच आहे. ताणलेल्या गोल चामड्याचा पहिला सूर एक धरला तर पुढचा येतो साधारण १.५९ पट, म्हणजे तारेसारखा सरळ दुप्पट नाही. त्या आडनिड्या अंतरामुळेच कानाला ‘चामडं’ कळतं. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये याच यंत्राच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी केली. तेव्हा ती फारशी खपली नाही; २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जग चकित झालं.

खरखरीचा आमचा स्वतःचा वारसा खंजिरीचा. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरी हाती घेतली आणि वऱ्हाडातल्या खेड्याखेड्यात पोचवली. १९५५ मध्ये विश्वधर्म परिषदेसाठी ते जपानला गेले. तेव्हा खंजिरी हीच त्यांची ओळख झालेली होती. चामड्यावर बोटांची थाप आणि कडेच्या चकत्यांची छनछन, दोन्ही एका हातात मावतात. भजनी मंडळात बसून मी ती ऐकली आहे. चकत्या थापेच्या किंचित मागून येतात. हा उशीर संगणकात हाताने ठेवावा लागतो, नाहीतर खंजिरी यंत्रासारखी वाजते.

मधल्या काळात आला ऑक्टापॅड. १९८५ चा पहिला ऑक्टापॅड स्वतः आवाजच करत नसे. आठ रबरी चौकोन, आवाज दुसऱ्या यंत्रातून. पुढच्या यंत्रांत आवाज आतच आले आणि ऑर्केस्ट्रावाल्यांचं अर्धं सामान टेम्पोतून कमी झालं. मीही त्यावरच हात बसवला. पण आमच्याकडे आलेल्या यंत्रांत तबला होता, कोंगो होता; डफडं नव्हतं.

म्हणून आता मी ते ध्वनिमुद्रित करतो. एक माईक चामड्यासमोर, दुसरा काडीच्या कडेला. गार, कोमट आणि पूर्ण शेकलेलं, असे आवाज वेगवेगळे ठेवतो, कारण थाप बसताच सूर क्षणभर वर जाऊन खाली घसरतो आणि ती घसरण प्रत्येक तापाला निराळी असते. डीजेवाली पोरं पूर्ण शेकलेलंच मागतात. मयतीचं गार डफडं अजून कोणी मागितलेलं नाही, तरी मी ते जपून ठेवलं आहे. आणि फाइलवर वाजवणाऱ्याचं नाव असतं. त्याचं मानधन हातात पडल्याशिवाय आवाज गाण्यात लावत नाही.