बोरघाटाची शोभा कोणाची?

लोणावळ्यास अगदीं लागून असलेलें कुसगांव हें मावळांतील घाटमाथ्यावरचें गांव आहे. पूर्वेकडे लोहगड व विसापूर, पश्चिमेकडे उल्हास नदीची खोल दरी, आणि पावसाळ्याचे चार महिने अंगावरून जाणारे ढग, ही संपत्ति या टापूस निसर्गानें फुकट दिलेली आहे. मुंबईकर हवा खावयास जेथें येतो तेथील मनुष्य हवा खावयास कोठें जातो, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. पण घाटांतील आगगाडीचा इतिहास चाळूं लागलें कीं हाच प्रश्न वारंवार आडवा येतो. ही रेल्वे कोणीं बांधली, आणि तिच्या खिडकींतून डोंगर पाहण्याची चैन कोणाच्या वांट्यास आली?

बोरघाटांत गाडीरस्ता झाला 1830 सालीं. आगगाडी मुंबईहून 1853 त ठाण्यास आणि 1856 त खोपोलीस पोंचली. खंडाळ्याहून पुण्याकडे जाणारे रूळ 1858 त सुरू झाले. म्हणजे डोंगराच्या खालीं रेल्वे, वर रेल्वे, आणि मध्यें उभा सह्याद्रि! हा मधला टप्पा उतारूंनीं पालखींत, तट्टावर किंवा बैलगाडींत बसून ओलांडावा, अशी कांहीं वर्षें व्यवस्था होती. ज्या कड्यांसाठीं आतां लोक मुद्दाम येतात, ते कडे त्या उतारूंच्या दृष्टीनें निव्वळ अडचण होते.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य इंजिनियर जेम्स बर्कले यांनीं आंखलेली घाटाची वाट पावणेसोळा मैल लांबीची होती, आणि तेवढ्यांत ती 1,831 फूट चढत असे. बोगदे 25, मोठे पूल 8, आणि कांहीं ठिकाणीं 37 फुटांस एक फूट असा चढ. पहिल्या ठेकेदारानें काम अर्धवट सोडलें. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, 1859 त हिंदुस्थानांत उतरला आणि थोड्याच आठवड्यांत मरण पावला. पुढें ठेका चालविला तो त्याची विधवा पत्नी ॲलिस हिनें. आणि तो तिनें तडीस नेला, हें विशेष. 1861 च्या सुमारास या कामावर एका वेळीं 42,000 च्या घरांत माणसें राबत होतीं. उभ्या कड्यावर दोराच्या आधारानें लोंबकळून सुरुंगाचीं भोकें पाडावयाचीं, हें त्यांचें काम. अपघात, ताप आणि पटकी यांनीं त्यांच्यांतील हजारोंचा बळी घेतला. बर्कले यांचें नांव इतिहासांत राहिलें, ॲलिसबाईंचेंहि राहिलें. पाट्या वाहणाऱ्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेवण्याचें कारण नव्हतें.

एप्रिल 1863 त गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या हस्तें घाट खुला झाला. त्या काळच्या इंजिनास हा चढ एका दमांत घेतां येत नसे. निम्म्याहून अधिक वाट चढल्यावर एक स्टेशन असे, त्यास रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. डोंगराच्या त्या अरुंद पट्टीवर वळण घेण्यास जागा नव्हती. म्हणून गाडी तेथें थांबे, इंजिन एका टोकाचें काढून दुसऱ्या टोकास जोडीत, आणि गाडी उलट तोंडानें वर निघे. या खटपटींत जो वेळ जाई तो उतारूंच्या पदरांत आयताच पडे. समोर नागफणीचा सुळका आणि खालीं दरी. सृष्टिशोभा दाखविण्याचा कोणाचाहि हेतु नव्हता. इंजिनाच्या दुबळेपणानें ती दाखविली, आणि तीहि पहिल्या वर्गापासून तिसऱ्या वर्गापर्यंत सर्वांस सारखी. मात्र तिसऱ्या वर्गाचा उतारू बहुधा पोटाच्या पाठीमागें किंवा यात्रेस निघालेला असे. केवळ डोंगर पाहण्यासाठीं तिकीट काढणें ही कल्पना त्याच्या खिशाला परवडणारी नव्हती.

1929 सालीं दोन गोष्टी घडून आल्या. नवे बोगदे खणून रूळांची वाट बदलण्यांत आली व तें मधलें स्टेशन ओस पडलें; आणि कल्याणपासून पुण्यापर्यंत विजेचीं इंजिनें धांवूं लागलीं. धूर गेला, वेळ वांचला, आणि तो आयता मुक्कामहि गेला. लगेच 1 जून 1930 रोजीं दक्खनची राणी सुरू झाली. सात सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या, एक रुपेरी आणि दुसरी निळी. प्रथम ती आठवड्याच्या अखेरीस धांवे. मुंबईच्या धनिकांस पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतीस नेणें हें तिचें मुख्य काम. केवळ मौजेकरितां घाट ओलांडणारी अशी ही गाडी. पण तींत डबे फक्त पहिल्या व दुसऱ्या वर्गाचे. ज्या घाटांत मजुरांनीं जीव दिले, त्या घाटांतील सर्वांत देखण्या गाडींत मजुराला बसण्यास जागाच नव्हती! कुसगांवच्या शेतकऱ्यानें बांधावर उभें राहून ती जातांना पाहावी, एवढाच काय तो त्याचा संबंध. 1949 त पहिला वर्ग काढून दुसऱ्यासच पहिला म्हणूं लागले. तिसऱ्या वर्गाचे डबे जोडले गेले ते 1955 सालीं, म्हणजे घाट खुला झाल्यास 92 वर्षें उलटल्यावर.

त्याच सुमारास याच डोंगराच्या दुसऱ्या एका फांद्यावर निराळाच बदल होत होता. लोणावळ्याहून घाट उतरून कर्जतला यावें, तेथून मुंबईच्या दिशेनें दुसरें स्टेशन नेरळ. आणि नेरळहून माथेरानची लहान गाडी. अब्दुल हुसेन आदमजी पीरभाय यांनीं सुमारें 16 लक्ष रुपये खर्चून ही रेल्वे बांधविली. काम 1904 त सुरू झालें, आणि 1907 च्या मार्चमध्यें गाडी चालूं लागली. रूळांमधील अंतर अवघें दोन फूट, लांबी साडेबारा मैल, चढ 20 फुटांस एक फूट. बोगदा एकच, आणि तोहि इतका आंखूड कीं इंग्रज मंडळींनीं त्याला एका चुंबनाचा बोगदा असें थट्टेचें नांव देऊन टाकलें.

या रूळांवर सुमारें पन्नास वर्षें वाफेचीं इंजिनें चाललीं. वळणें एवढीं तीव्र कीं त्यांवर चाकांना थोडें वळूं देणारे खास आंस या इंजिनांस बसवावे लागले होते. 1955-56 च्या सुमारास जर्मनींतील आर्नोल्ड युंग यांच्या कारखान्यांतील डिझेल इंजिनें येथें आलीं. वाफेच्या इंजिनास कोळसा पाहिजे, पाणी पाहिजे, आणि निघण्यापूर्वीं बराच वेळ विस्तव पेटवून ठेवावा लागे. डिझेलास यांतलें कांहींच नको. तरीहि दोन्ही प्रकार कितीतरी वर्षें शेजारीं शेजारीं नांदले, आणि वाफेचें इंजिन येथून निवृत्त झालें तें 1980 नंतरच. बोरघाटांत विजेनें जें केलें तें डिझेलानें येथें केलें नाहीं. गाडी पूर्वींइतकीच सावकाश राहिली. याचें कारण इंजिनांत नव्हतें, वाटेंत होतें. असल्या वळणांवर कोणतेंहि इंजिन ताशीं सात-आठ मैलांहून फारसें धांवूं शकत नाहीं. घाईच्या माणसास हा प्रवास कंटाळवाणा वाटेल. पण घाई असलेल्या माणसानें माथेरानला जावेंच कशाला? जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशीं स्टेशनें घेत, झाडाची फांदी हाताला लागेल इतकी जवळून, दोन तासांहून अधिक वेळ गाडी चढत राहते.

या रूळांनीं संकटेंहि सोसलीं. जुलै 2005 च्या अतिवृष्टींत वाट ठिकठिकाणीं वाहून गेली, आणि गाडी पुन्हां सुरू झाली ती शंभरावें वर्ष भरत असतांना, 2007 त.

बोरघाटांत मात्र वेळाचा हिशेब अधिकच कडक झाला. 2002 त द्रुतगति महामार्ग पुरा झाला. तो कुसगांवच्या शिवारावरूनच जातो, आणि पुष्कळ मुंबईकर आतां मोटारींतूनच घाट चढतात. तरी आगगाडीची ओढ सुटलेली दिसत नाहीं. 2021 सालीं डेक्कन एक्सप्रेसला व पाठोपाठ दक्खनच्या राणीला कांचेच्या छताचा एक एक डबा जोडण्यांत आला. रिव्हर्सिंग स्टेशनावर जें दृश्य सर्व वर्गांना विनामूल्य मिळत होतें, तें पाहण्यासाठीं या डब्याचें भाडें निराळें व बरेंच अधिक आहे. कर्जतला गाडी थांबते, मागून इंजिनें लागतात, फलाटावर बटाटेवड्यांची हांक ऐकूं येते. पुढें पळसदरी, ठाकुरवाडी, मंकी हिल. त्याच गाडीच्या साध्या डब्यांत, दाराशीं दाटीनें उभे असलेले लोक बोगदा संपतांच मान बाहेर काढून तीच दरी पाहतात.