गुस्ताव्ह लेओनहार्ट आणि जुन्या संगीताची पाठशुद्धी

जुन्या कवीचे काव्य छापताना संपादक पाठशुद्धीची काळजी घेतो. जुन्या संगीतकाराची रचना वाजविताना तीच काळजी घ्यावी, असे युरोपातील बहुतेक वादकांस दीर्घ काळ वाटले नव्हते. योहान सेबास्टियन बाख १७५० मध्ये निवर्तला. पुढे हार्प्सिकॉर्ड मागे पडले, पियानोचे राज्य झाले, आणि बाखच्या रचना पियानोवर व भल्यामोठ्या वाद्यवृंदाकडून ऐकण्याची सवय श्रोत्यांच्या कानांस जडली. ही सवय मोडणाऱ्यांत डच वादक गुस्ताव्ह लेओनहार्ट यांचे स्थान अग्रभागी आहे.

१९२८ मध्ये जन्मलेले लेओनहार्ट महायुद्धानंतर स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे जुन्या संगीताच्या विद्यालयात शिकले. १९५० साली व्हिएन्नात त्यांनी बाखची ‘आर्ट ऑफ फ्यूग’ हार्प्सिकॉर्डवर सादर केली. या रचनेच्या छापील प्रतीत वाद्याचे नाव नाही, आणि प्रत्येक स्वरधारा स्वतंत्र ओळीवर मांडलेली आहे. त्यामुळे तिचे वाद्य कोणते, किंबहुना ती वाजविण्यासाठी आहे की केवळ अभ्यासासाठी, याविषयी विद्वानांत वाद होता. अशा रीतीने छापण्याची प्रथा त्या काळी होतीच आणि रचना दोन हातांच्या आवाक्यात बसते, असे लेओनहार्ट यांनी १९५२ च्या आपल्या प्रबंधात साधार प्रतिपादिले.

पियानोत हातोडी तारेवर आघात करते. हार्प्सिकॉर्डमध्ये पिसाचा तुकडा तार छेडतो. बोट कितीही जोराने दाबले तरी नाद फारसा वाढत नाही. मग भाव यावा कोठून? लेओनहार्ट यांनी तो काळाच्या सूक्ष्म विभागणीतून आणला. एखादा स्वर किंचित उशिरा घ्यावा, एखादा पुढच्यात मिसळेपर्यंत धरून ठेवावा, दोहोंमध्ये केसभर अवकाश सोडावा, एवढ्यानेच त्यांचे वाद्य बोलू लागे. त्यांच्यापूर्वी वांडा लांडोव्स्का यांनी हे वाद्य सभागृहात परत आणले होते. परंतु त्यांचे प्लेयेल वाद्य लोखंडी चौकटीचे, पियानोच्या वळणाचे होते. लेओनहार्ट यांच्यासाठी मार्टिन स्कोव्रोनेक या जर्मन कारागिराने १९६२ मध्ये १७४५ च्या डुल्केन वाद्याबरहुकूम नवे वाद्य घडविले.

वृंदसंचालनातही त्यांची दृष्टी हीच राहिली. १९५० नंतरच्या दशकात त्यांनी ‘लेओनहार्ट कॉन्सॉर्ट’ हा छोटा वृंद उभारला. १९७१ ते १९९० या काळात निकोलाउस हार्नोनकूर्ट यांच्यासह त्यांनी बाखच्या सुमारे दोनशे धार्मिक कँटाटांचे ध्वनिमुद्रण पुरे केले. त्यात जुनी वाद्ये आणि मुलांचे कोवळे आवाज योजिले. १९८० चे इरॅस्मस पारितोषिक उभयतांस मिळाले. टॉन कूपमन, क्रिस्टोफर हॉगवुड यांसारखे शिष्य पुढे स्वतःच संचालक म्हणून नावारूपास आले.

वाद्य जुने मिळाले, तरी अठराव्या शतकाचे कान कोठून आणणार, असा आक्षेप या पंथावर घेतला जातो. तो आम्हांस बिनतोड वाटतो; परंतु लेओनहार्ट यांस तो लागू पडत नाही. अस्सलपणाच्या मागे धावणारे वादन पटत नाही आणि मनापासून पटणारे वादन अस्सल भासते, अशीच त्यांची धारणा होती. त्यांच्या लेखी संशोधन हे साधन होते, साध्य नव्हे.

डिसेंबर २०११ मध्ये पॅरिस येथे त्यांनी अखेरची मैफल केली आणि १६ जानेवारी २०१२ रोजी अॅम्स्टरडॅममध्ये त्यांचे निधन झाले. परंपरा म्हणून आपण जे जपतो, त्यातले मूळचे किती आणि मधल्या पिढ्यांच्या सवयीचे किती, हे तपासून पाहण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. कोणत्याही कलेच्या उपासकास हा वारसा उपयोगी पडेल, असे आम्ही मानतो.