कण्यातील अर्बुद आणि रुग्णाची जबानी
मज्जारज्जूवरील गाठ काढण्यास धजणारे शल्यवैद्य विरळा असताना, जून 1887 मध्ये लंडन येथे, विल्यम गॉवर्स यांच्या निदानावर विसंबून, व्हिक्टर हॉर्स्ली यांनी पायांची शक्ती गमावलेल्या एका कप्तानाचा कणा उघडला. प्रथम काहीच आढळेना, तेव्हा आणखी वरचे हाड काढताच गाठ दृष्टीस पडली. या शस्त्रकर्माहूनही मोलाचा मला वाटतो तो वर्षभरानंतरचा दस्तऐवज : आपण दिवसाचे सोळा तास, पुष्कळसे उभ्याने, काम करतो, असे खुद्द रुग्णाने लिहून कळविले होते. पुढे 2005 साली पॅचेल यांच्या चाचणीत, पसरलेल्या कर्करोगाने मज्जारज्जू दाबलेल्यांपैकी, केवळ किरणोपचारांनी 57 टक्के, तर आधी शस्त्रक्रिया केल्याने 84 टक्के रुग्ण चालू शकले. मात्र कण्यातील अर्बुदाच्या रुग्णांकडून वेदना आणि मनःस्थिती यांची जबानी घेणारी खास प्रश्नावली 2010 साली आली, हा विलंब मला अक्षम्य वाटतो.