'तूप-रोटी'ची जागा : बालकथेतील खाद्योक्ती आणि स्मृती

भोपळ्यात बसून अरण्य ओलांडणाऱ्या म्हातारीची कथा ही पुष्कळ मराठी मुलांची पहिली साहसकथा होय. वाट अडविणाऱ्या वाघाला ती लेकीकडची तूप-रोटी खाऊन धष्टपुष्ट होऊन परतण्याचे आश्वासन देते. कर्जत-खालापूर भागात ही तूप-रोटी काहीशी परकी वाटते. हा मुलूख भाताचा. कर्जत येथील भातसंशोधन केंद्र १९१९ सालचे आहे. येथील नित्याची भाकरी तांदळाची वा नाचणीची, आणि 'रोटी' हा शब्द मराठीत विशेषेकरून 'रोजीरोटी', 'रोटीबेटी व्यवहार' अशा जोडशब्दांतच रुळलेला. मग रोटीमागे दडलेली 'मूळ' भाकरी शोधावी काय?

याचे उत्तर वाक्यरचनेत आहे. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या अंती येते. म्हातारीच्या उक्तीचे यमक 'जाईन', 'खाईन', 'होईन' या रूपांवर तोललेले आहे. पदार्थाच्या नामावर यमकाचा भार नाही. त्या जागी दूध-भात वा तूप-साखर आली तरी उक्ती मोडत नाही. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या 'टुनटुनिर बोइ' (१९१०) या संग्रहातील बंगाली म्हातारीच्या गाण्यात मात्र पोहे आणि चिंच आहेत. तेथे चिंचेचा वाचक 'तेंतुल' हा शब्दच यमक सांभाळतो; तो सहसा बदलता येत नाही.

छापील ग्रंथांच्या वाचकांची स्मृतीही याच रीतीने चालते. एनिड ब्लायटन यांच्या 'फेमस फाइव्ह' मालेतील (१९४२–१९६३) म्हणून 'जिंजर बिअरची रेलचेल' या अर्थाचा इंग्रजी शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला. परंतु मालेच्या २१ पुस्तकांत तो नाही. रेलचेल आहे ती अन्य पदार्थांची, आणि जिंजर बिअर येते ती निराळ्या वाक्यांत. दोहोंची सांगड १९८२ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका विडंबनाने रूढ केली. साचा खरा, पदार्थही खरा. जोड तेवढी नंतरची.

तथापि एक भेद महत्त्वाचा आहे. ब्लायटन यांची संहिता निश्चित असल्याने तेथे चूक सिद्ध करता येते. मौखिक कथेला अशी संहिताच नसते. म्हणून तिचा पाठभेद हा दोष नसून पुरावा होय. हा पुरावा कोणी काय खाल्ले याचा नव्हे, तर सांगणाऱ्याच्या बोलीत सुग्रास अन्नाला कोणते नाव होते याचा. कर्जत-खालापूरच्या गावांत, ठाकूर-कातकरी वाड्यांत कथा टिपणाऱ्याने ऐकलेला शब्द छापील पुस्तकावरून 'शुद्ध' करू नये. एकदा शुद्ध केलेला पाठ पुन्हा मिळत नाही.